आतड्यात आतडे शिरते तेव्हा

प्रौढ माणसाच्या पोटात कळ येते, तासा-दोन तासांत ओसरते आणि पुढे आठ-पंधरा दिवस काहीच होत नाही. व्यापारी घरांत अशा दुखण्याला आजार म्हणण्याची पद्धत नाही. लग्नसराईतले जेवण, अवेळी घेतलेला चहा, पेढीवर तासन्‌तास बसणे, यांपैकी कोणते तरी कारण हाताशी असतेच. चिमूटभर हिंग, थोडा ओवा, रात्री इसबगोल, आणि सकाळी दुकानाचे शटर नेहमीच्या वेळी उघडते. दहांपैकी नऊ वेळा हा अंदाज बरोबरही ठरतो. मात्र कळ पुन्हा पुन्हा त्याच तऱ्हेने येत असेल, पोटातल्या पोटात काही तरी आवळून मग सुटल्यासारखे वाटत असेल, तर त्यामागे एक विरळा पण गंभीर विकार असू शकतो. या विकारात आतड्याचा एक भाग त्याच आतड्याच्या पुढच्या भागात शिरतो. वैद्यकशास्त्रात याला इंटससेप्शन म्हणतात.

कापडाच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्यांना ही रचना चटकन उमगेल. सदऱ्याची बाही खांद्याकडून धरून आत ढकलत गेले, की ती स्वतःतच दुमडत जाते. एकावर एक असे कापडाचे तीन पदर तयार होतात. आतड्याचेही तसेच होते. अन्न पुढे सरकवण्यासाठी आतड्याच्या भिंतीत आकुंचनाच्या लाटा सतत उठत असतात. भिंतीवर आतल्या बाजूने एखादी गाठ किंवा मोड वाढलेला असेल, तर या लाटा त्यालाही अन्नाचा घास समजून पुढे रेटतात. गाठ पुढे सरकते आणि ज्या भिंतीला ती चिकटलेली असते ती भिंत मागोमाग ओढली जाते. भिंतीबरोबर आतड्याला रक्त पुरवणारा पडदाही आत खेचला जातो, आणि खरा धोका तिथेच निर्माण होतो. या पडद्यातल्या पातळ भिंतीच्या नीला आधी दाबल्या जातात. रक्त आत येत राहते, बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होते. आतडे सुजते, त्याच्या अस्तरातून रक्त झिरपू लागते. सूज वाढता वाढता अखेर रोहिणीही दाबली जाते, आणि रक्त न मिळालेला भाग कुजतो. कुजलेले आतडे फुटले, तर मळ पोटाच्या पोकळीत पसरून काही तासांत जीव धोक्यात येतो.

हा विकार मुख्यतः तान्ह्या मुलांचा. एकूण रुग्णांत प्रौढांचे प्रमाण सुमारे ५ टक्के सांगितले जाते, आणि प्रौढांना होणाऱ्या आतड्यांच्या अडथळ्यांत त्याचा वाटा १ ते ५ टक्के. अमेरिकेतील बोस्टन शहरातले मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हे जगातल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक. तेथील ३० वर्षांच्या नोंदी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा एवढ्या काळात प्रौढ रुग्ण भरले अवघे ५८. वर्षाला दोनसुद्धा नाहीत. म्हणजे चांगल्या अनुभवी डॉक्टरच्याही मनात हे निदान पहिल्या भेटीत येणार नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याच नोंदींतला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. त्या ५८ जणांपैकी ९३ टक्के रुग्णांच्या आतड्यात काही ना काही मूळ दोष सापडला.

या एका आकड्यामुळे मुलांचा आजार आणि मोठ्यांचा आजार यांच्या वाटा वेगळ्या होतात. मुलांमध्ये बहुतेक वेळा गाठ नसते. संसर्गानंतर आतड्याच्या भिंतीतल्या लसिका ग्रंथी सुजतात आणि तेवढे निमित्त पुरते. त्यामुळे गुदद्वारावाटे हवा किंवा द्रव मोजक्या दाबाने सोडून आत शिरलेले आतडे परत ढकलता येते, आणि बहुतेक मुले शस्त्रक्रियेविना घरी जातात. या विकाराचे वर्णन ॲम्स्टरडॅमच्या पॉल बार्बेट यांनी १६७४ मध्येच केले होते. पण पोट उघडून तो यशस्वीपणे दुरुस्त करायला जवळपास दोन शतके जावी लागली. लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ मध्ये दोन वर्षांच्या मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. आतडे मोकळे झाले आणि मूल वाचले. आतडे बाहेर ओढायचे नाही, पुढच्या टोकाकडून हलके दाबत मागे सारायचे, ही रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आतडे मोकळे झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. ज्या गाठीने ते आत ओढले ती तिथेच असते. एखाद्या व्यापाऱ्याचा धनादेश वारंवार परत येऊ लागला, तर शहाणा माणूस केवळ त्या धनादेशाचा हिशेब मिटवून थांबत नाही, त्या खात्यात नेमके काय चालले आहे ते पाहतो. प्रौढाच्या आतड्यातले हे शिरकाव प्रकरण तसेच वाचावे लागते.

गाठ कोणती?

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते आणि मोठे दीड मीटरच्या आसपास. दोन्हींत सापडणारी कारणे सारखी नसतात. लहान आतड्यात निरुपद्रवी कारणांचे प्रमाण अधिक. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. दाहातून वाढलेला मोड. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांना पडलेल्या चिकटण्या. किंवा जन्मापासून असलेली मेकेलची पिशवी. ही पिशवी सुमारे २ टक्के माणसांत असते आणि बहुतेकांना ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही. मात्र शरीरात इतरत्र असलेला कर्करोग, विशेषतः त्वचेचा मेलॅनोमा, लहान आतड्यात पसरून असाच शिरकाव घडवू शकतो. मोठ्या आतड्यातही चरबीची गाठ सापडते. पण तिथे कर्करोगाची शक्यता इतकी मोठी असते, की वेगळे सिद्ध होईपर्यंत शल्यविशारद तीच गृहीत धरून पुढची आखणी करतात. वजन कमी करण्यासाठी जठर आणि आतडे नव्याने जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत एक निराळाच प्रकार दिसतो. तिथे आतडे उलट दिशेने शिरते आणि गाठ बहुधा नसतेच. अशी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कितीही वर्षे लोटली तरी पोटदुखीच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगितले पाहिजे.

दुखणे ओसरते म्हणून

पाठ्यपुस्तकांतली तीन लक्षणे, म्हणजे कळ, पोटात हाताला लागणारा लांबट गोळा आणि जेलीसारखा रक्तमिश्रित मळ, ही प्रौढांत एकत्र क्वचितच आढळतात. प्रौढांत आतडे पुरते बंद होईलच असे नाही. ते आत शिरते, अर्धवट अडते, कधी आपोआप निसटूनही बाहेर येते. म्हणून दुखणे येते आणि जाते. काही रुग्णांची ही कहाणी थोड्या दिवसांची असते, काहींची कित्येक महिन्यांची. कळ येऊन जाते, मळमळते, पोट फुगते, शौचाची सवय बदलते, मळातून नकळत रक्त जात राहिल्याने हिमोग्लोबिन घसरते. ही सगळी लक्षणे वेगवेगळ्या खान्यांत ठेवली, की प्रत्येकाला साधे कारण मिळते. पोटदुखीला पित्त, थकव्याला वय, घटलेल्या वजनाला धंद्याची चिंता. एकत्र ठेवली, तर चित्र बदलते.

धर्माचरण करणाऱ्या घरांत यात आणखी एक गुंतागुंत असते, आणि ती नाजूक असल्यामुळे फारशी बोलली जात नाही. उपवासाने किंवा आयंबिलाने हा विकार होत नाही, हे आधीच स्पष्ट असावे. परंतु आतड्यात अर्धवट अडथळा असेल, तर कळ बहुधा जेवणानंतर उठते. पोट रिकामे असले की ती शांत राहते. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात तप केलेल्या व्यक्तीला त्या दिवसांत खरोखरच आराम वाटतो. पारणे झाले की दोन-चार दिवसांत कळ परतते. घरातली मंडळी म्हणतात, तपाने बरे वाटले होते, पारण्यात काही तरी जड झाले. तपावरच्या श्रद्धेला धक्का न लावताही ही नोंद वेगळ्या रीतीने वाचता येते. खाल्ले की दुखते आणि न खाल्ले की थांबते, ही डॉक्टरांना सांगण्याजोगी अत्यंत मोलाची माहिती आहे.

घरगुती उपायांपैकी हिंग-ओव्याने नुकसान होत नाही, वेळ जातो एवढेच. एरंडेल किंवा तीव्र जुलाबाची गोष्ट वेगळी. पुढची वाट अडलेली असताना मागून जोर वाढवला, तर फुगलेल्या आतड्यावरचा ताण वाढतो. पोट फुगलेले आहे, वायू सरत नाही, शौचाला होत नाही आणि उलट्या होत आहेत, अशा वेळी घरात कोणीही जुलाब देऊ नये. येणारी-जाणारी कळ सलग दुखू लागली, उलटी हिरवी झाली, ताप आला, नाडी जलद झाली, पोट हात लावू देईना किंवा मळ काळा अथवा लाल झाला, तर ती वेळ दुकान आवरून निघण्याची नाही, तसेच उठून रुग्णालय गाठण्याची असते. रविवार असो, वा दिवाळीचा मुहूर्त असो.

चित्रात काय दिसते

डॉक्टर पोट तपासतात, रक्ततपासणी करतात, उभा एक्स-रे काढतात. यांतून अडथळा आहे का याचा अंदाज येतो, कारण कळत नाही. सोनोग्राफीत कसबी हाताला नेमके चित्र मिळू शकते: आडव्या छेदात एकात एक वर्तुळे, नेमबाजीच्या फलकासारखी. मात्र पोटात वायू असला, किंवा पोटाचा घेर मोठा असला, तर ध्वनिलहरी आत पोहोचत नाहीत. आणि अडथळ्यात वायू असतोच. म्हणून प्रौढांत सर्वांत भरवशाची तपासणी ठरते ती सीटी स्कॅन. त्यात फलकासारखी वर्तुळे दिसतात, उभ्या छेदात लांबट गोळा दिसतो, आणि निर्णायक खूण म्हणजे आतड्याच्या पोकळीत, जिथे चरबी किंवा रक्तवाहिन्या असण्याचे कारणच नाही, तिथे आत ओढल्या गेलेल्या पडद्याची चरबी आणि रक्तवाहिन्या दिसतात. आतड्याच्या भिंतीला रक्त पोहोचते आहे का, गाठ चरबीची आहे का, यकृतात काही पसरले आहे का, याचाही अंदाज त्याच तपासणीत येतो.

गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने रुग्णाची पहिली तपासणी झाली १९७१ मध्ये, लंडनमध्येच. हचिन्सन यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. मधल्या शतकात असंख्य रुग्णांचे निदान पोट उघडल्यावरच होत असे. आज जिल्ह्याच्या गावीही स्कॅनची सोय असताना केवळ खर्चाच्या किंवा किरणांच्या भीतीने ती महिनोन्‌महिने टाळणे, हा हिशेब तोट्याचा आहे. शिरेतून औषध देऊन स्कॅन करायचा असेल, तर मूत्रपिंडाचा त्रास, पूर्वीची ॲलर्जी आणि मधुमेहाच्या चालू गोळ्या यांची कल्पना आधी द्यावी.

इथे एक सावधगिरी उलट बाजूचीही आहे. हल्ली दुसऱ्याच कारणासाठी, उदाहरणार्थ मूतखड्यासाठी, स्कॅन केला जातो आणि अहवालात इंटससेप्शन हा शब्द उमटतो. घर हादरते. लहान आतड्याचा अगदी आखूड भाग, साधारण साडेतीन सेंटिमीटरपेक्षा कमी, क्षणभर आत शिरून परत येऊ शकतो. त्यात गाठ दिसत नसेल, अडथळा नसेल, आणि माणसाला त्रास नसेल, तर बहुधा नुसते लक्ष ठेवणे पुरते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजारातही असे तात्पुरते शिरकाव दिसतात. अशा व्यक्तीला सुरीची नव्हे, रक्ततपासणीची आणि आहारबदलाची गरज असते. आतड्याचा क्षयरोग भारतात अजूनही आढळतो आणि त्याची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात, हेही तपास करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात असते. मोठ्या आतड्यातला प्रश्न असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर कोलोनोस्कोपीने गाठ प्रत्यक्ष पाहून तुकडा घेता येतो. आतडे कुजल्याची शंका असेल, तर त्यासाठी थांबत नाहीत.

टेबलावरचा निर्णय

मुलांना जे हवेच्या दाबाने साधते ते मोठ्यांना का नाही, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर गाठीत आहे. आतडे मोकळे केले तरी गाठ पुन्हा तेच करणार. आणि ती कर्करोगाची असेल, तर दाबादाबीत तिच्या पेशी सुटून पसरण्याची भीती असते. शिवाय सुजलेले, नाजूक झालेले आतडे परत खेचताना फाटू शकते. म्हणून मोठ्या आतड्यात शिरकाव असेल, तर तो सोडवण्याच्या फंदात न पडता, जसा आहे तसा तो संपूर्ण भाग, त्याच्या पडद्यासह आणि लसिका ग्रंथींसह, काढणे हाच बहुसंख्य शल्यविशारदांचा मार्ग आहे. उजव्या बाजूला गाठ असेल तर लहान आतड्याचे टोक, आंत्रपुच्छ आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग एकत्र काढून उरलेली टोके जोडली जातात. ऐकायला हे फार वाटते. परंतु मोठ्या आतड्याचा तेवढा भाग गेल्यावर बहुतेक माणसे काही महिन्यांत पूर्वीसारखी जेवतात आणि कामावर जातात.

लहान आतड्यात निर्णय अधिक बारकाईचा असतो, आणि अनुभवाची कसोटी तिथेच लागते. अन्नातले पोषण शोषले जाते ते याच आतड्यात. त्याची लांबी हे भांडवल आहे. आतडे जिवंत असेल, रंग चांगला असेल आणि गाठ निरुपद्रवी वाटत असेल, तर आधी हलक्या हाताने ते शक्य तितके मोकळे करतात आणि मग गाठीचा तेवढाच तुकडा काढतात. दोन फूट जाण्याऐवजी चार बोटे जातात. आतडे काळे पडले असेल, फाटायच्या बेतात असेल किंवा कर्करोगाची दाट शंका असेल, तर मात्र मोकळे करण्याचा प्रयत्न करत नाहीत. हा निवाडा स्कॅनवरून पूर्ण होत नाही. तो प्रत्यक्ष आतडे पाहून, हातात घेऊन करावा लागतो. त्यामुळे ‘नक्की किती काढणार ते आधी लिहून द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी धरणे रुग्णाच्या हिताचे नसते. व्यवहारात सौदा आधी ठरवण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते, ते स्वाभाविक आहे. त्याऐवजी विचारावे ते असे: कोणत्या स्थितीत कमी काढाल, कोणत्या स्थितीत जास्त, आणि पोटावर तात्पुरता शौचमार्ग काढण्याची वेळ कधी येऊ शकते. पोटात पू झालेला असेल, रक्तदाब ढासळलेला असेल, तर लगेच केलेला जोड गळू शकतो. अशा वेळी आतड्याचे टोक काही महिने पोटावर आणणे हा पराभव नसून खबरदारी असते. दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया होऊ शकते. पण आतडे फार फुगलेले असेल तर पोटात दुर्बिणीला जागाच राहत नाही आणि मोठा छेद घ्यावा लागतो. छेद लहान की मोठा याला घरात जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे ते नसते.

टाके, औषधे आणि व्रते

अहिंसेचे पालन करणाऱ्या कुटुंबांना रुग्णालयात काही प्रश्न पडतात. संकोचाने ते विचारले जात नाहीत, आणि नंतर मनाला लागून राहतात. टाक्यांचा प्रश्न त्यांतला पहिला. शस्त्रक्रियेत दीर्घकाळ वापरला गेलेला कॅटगट हा धागा मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून बनत असे. आज आतडे जोडण्यासाठी कृत्रिम, शरीरात विरघळणारे धागे सर्रास मिळतात, आणि यंत्राने जोडताना वापरल्या जाणाऱ्या पिना टायटॅनियमच्या असतात. कृत्रिम धागाच वापरावा, अशी विनंती आधी केली तर ती मान्य होण्यात सहसा अडचण नसते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिन या गटातील इंजेक्शन दिले जाते. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते, हे पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. फोंडापॅरिनक्स नावाचे पूर्णतः कृत्रिम औषध उपलब्ध आहे. ते प्रत्येक रुग्णाला, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असलेल्याला, चालतेच असे नाही. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, आणि अनेकदा तेच औषध गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात मिळते. हे सारे प्रश्न भूलतज्ज्ञांच्या आणि शल्यविशारदांच्या पहिल्या भेटीतच मांडावेत. मध्यरात्री तातडीने शस्त्रक्रिया करावी लागत असेल आणि पर्याय हाताशी नसेल, तर मात्र जीव वाचवणारे औषध थांबवून वाद घालण्याची ती जागा नव्हे.

रात्रिभोजनत्यागाचा किंवा चौविहाराचा नियम असलेल्या ज्येष्ठांना सूर्यास्तानंतर औषधासोबत पाणी घेण्याची वेळ आली, की अपराधी वाटते. काही जण नर्सला न सांगता गोळी उशाखाली ठेवतात. श्वेतांबर परंपरेत पोरिसी, एकासणे, उपवास यांच्या पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, आणि तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासाठी सर्वसमाधिप्रत्ययिक नावाचा आगार त्यांत आहे. नियम घेणाऱ्याची अडचण परंपरेने आधीच ओळखली होती. दिगंबर कुटुंबांनी आपल्या मुनिराजांचे किंवा त्यागी मंडळींचे मार्गदर्शन घ्यावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल, तर गुरुमहाराजांशी बोलणे आधीच व्हावे. रुग्णशय्येवर, वेदनेत, हा प्रश्न सोडवायला लावू नये. उलट, शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचा नियम पाळणे तपाची सवय असलेल्यांना सोपे जाते. फक्त त्या उपवासाची वेळ आणि पाण्याची सवलत भूलतज्ज्ञ सांगतील तीच असावी. पाणी न पिता आदल्या सकाळपासून कोरडा उपवास केल्यास रक्तदाब आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो.

शस्त्रक्रियेनंतर आहार हळूहळू वाढवतात. पूर्वी वायू सरेपर्यंत दिवसेंदिवस तोंडाने काही देत नसत. आता रुग्ण स्थिर असेल तर लवकरच घोट घोट पाणी आणि पातळ पदार्थ सुरू करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात. रुग्णालयाच्या सूपमध्ये बटाटा, गाजर, कांदा असतो म्हणून ते नाकारून उपाशी राहण्याचे कारण नाही. मुगाच्या डाळीचे पाणी, भाताची पेज, शिजवून गाळलेला दुधी, ताजे ताक यांची सोय घरून होऊ शकते, आहारतज्ज्ञांना तसे सांगितले की पुरे. घरी आल्यावरची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी टाळून कडधान्यांवर भर दिला जातो. सालीसकट चणे, वाल, वाटाणे हे ताज्या जोडावर पहिले काही आठवडे जड पडतात. त्या काळात मुगाची धुतलेली डाळ बरी. दिवसभरात दोनदा पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे चार-पाचदा खावे. एकासणे, बियासणे पूर्ववत सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घ्यावी.

अहवाल आल्यानंतर

काढलेला भाग तपासणीसाठी पॅथॉलॉजी विभागाकडे जातो आणि साधारण आठवडाभरात अहवाल येतो. जखम भरली, रुग्ण घरी आला, गल्ल्यावर बसू लागला, म्हणून तो कागद आणायचा राहून गेला, असे होता कामा नये. गाठ काय होती हे सांगणारा तो एकमेव दस्तऐवज आहे. चरबीची गाठ निघाली तर प्रकरण तिथेच मिटते. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, तर किती लसिका ग्रंथींत तो पोहोचला आहे यावर पुढचे उपचार ठरतात. आणि भावंडे, मुले यांनाही तपासणीची गरज निर्माण होते. चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी, असा सर्वमान्य संकेत आहे.

कधी अहवालात पॉइट्झ-जेगर्स हे नाव येते. नेदरलँड्सचे पॉइट्झ यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबात आणि अमेरिकेचे जेगर्स यांनी १९४९ मध्ये हा विकार नोंदवला. ओठांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला बालपणी तपकिरी-काळसर ठिपके दिसतात, मोठेपणी ते फिके होतात. आतड्यात मोड वाढत राहतात आणि आतडे पुन्हा पुन्हा आत शिरते. हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात तो असण्याची शक्यता निम्मी असते. अशा रुग्णात शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळीच दुर्बीण आतड्यात फिरवून जमतील तेवढे मोड काढतात. दर वेळी तुकडा कापत गेले, तर काही वर्षांत आतडेच उरणार नाही.

इथे घरातली माणसे गप्प होतात. मुलीचे स्थळ पाहायचे आहे, मुलाचे बोलणे चालू आहे, ही गोष्ट बाहेर गेली तर काय, असा विचार येतो. तो समजण्यासारखा आहे. पण ज्यांच्यापासून अहवाल लपवला जातो, त्यांतच तो दोष घेऊन जन्मलेले मूल असू शकते. अशा कुटुंबातल्या मुलांची तपासणी साधारण आठव्या वर्षापासून सुरू करतात. मोड लहान असतानाच एंडोस्कोपीने काढता येतात, पोट उघडावे लागत नाही. समाजात जाहीर करण्याची सक्ती कोणावरच नाही. सख्ख्या भावाबहिणींना आणि त्यांच्या मुलांच्या डॉक्टरांना सांगणे पुरेसे आहे. अहवालाची मूळ प्रत, स्कॅनची सीडी आणि शस्त्रक्रियेची टिपणी यांच्या दोन फाइली कराव्यात, एक रुग्णाकडे आणि एक भावंडांपैकी कोणाकडे तरी. पॅथॉलॉजी विभागाकडील मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या कायम ठेवल्या जात नाहीत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल, तर त्या पहिल्या काही महिन्यांतच मागून घ्याव्यात.